सहा तासांत कळवायचं, पण कुणाकुणाला? (सायबर हल्ला आणि आपली सरकारी यंत्रणा)

कॅश_काउंटर | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

मी एका लहान नागरी सहकारी बँकेत आयटी सांभाळतो. सांभाळतो म्हणजे मी आणि एक पोरगा, एवढाच विभाग. बँकेचं नाव, गाव विचारू नका. मागच्या दिवाळीच्या आधी एका शनिवारी सकाळी सात-सव्वासातला शाखेतून शिपायाचा फोन आला. "साहेब, कंप्युटर लावला तर समद्या फायलींची नावं बदलल्यात, अन् इंग्रजीत कायतरी पत्र आलंय पडद्यावर." पुढचं ऐकायची गरज नव्हती. रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम. त्याला म्हणालो, भिंतीतल्या नेटच्या सगळ्या वायरी उपट, पण मशीन बंद करू नकोस. त्याने इमानेइतबारे मेन स्विचच पाडला. म्हणजे मशीनच्या मेमरीत जो काही पुरावा शिल्लक होता, तोही गेला. त्याला बोलण्यात अर्थ नव्हता, हे त्याला आधी कधी सांगितलं होतं कुणी?

नशिबाने कोअर बँकिंग बाहेरच्या डेटा सेंटरला असल्याने ठेवी-कर्जाच्या नोंदी शाबूत राहिल्या. पण शाखेचा फाईल सर्व्हर आणि मुख्य कार्यालयातली दोन मशीन लॉक.

आता खरी गंमत. रिझर्व्ह बँकेला दोन ते सहा तासांत कळवायचं. सर्ट-इनला (केंद्राची सायबर आपत्कालीन यंत्रणा) सहा तासांत कळवायचं. हा नियम २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांचा, आणि घटना लक्षात आल्यापासून घड्याळ सुरू. पोलिसांत तक्रार द्यायची. विमा कंपनीला कळवायचं, नाहीतर दावा गेला. सॉफ्टवेअरवाल्याला कळवायचं. त्याचा इंजिनिअर म्हणाला, "सर, एकदा रिस्टार्ट करून बघा ना." चेअरमनसाहेब लग्नात, मागे सनई, त्यांना निम्मं ऐकू येईना. सगळ्यांचे फॉर्म वेगळे, प्रश्न मात्र तेच.

सर्ट-इनच्या फॉर्ममधला एक रकाना माझ्या अजून डोक्यात आहे: घटनेची वेळ. फायरवॉलची (नेटवरून आत-बाहेर जाणाऱ्यावर पहारा ठेवणारं यंत्र) नोंद सांगते, बाहेरचा माणूस रात्री २:२५ ला आत आला. सर्व्हर सांगतो, पहिली फाईल २:१९ ला लॉक झाली. म्हणजे आमच्या दप्तराप्रमाणे घर आधी लुटलं गेलं आणि चोर सहा मिनिटांनी आला! शेवटी मोबाईल समोर धरून दोन्ही घड्याळं तपासली. फायरवॉल ११ मिनिटं पुढे चालत होता, कधीपासून ते देवाला ठाऊक. त्याच २०२२ च्या निर्देशांत लिहिलंय की सगळ्या यंत्रणांची घड्याळं एनआयसी (सरकारचं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवा. वाचलं तेव्हा वाटलं होतं, दिल्लीला काय उद्योग नाहीत.

फॉर्म साडेचार तासांत गेला. पोच आली, क्रमांक आला, मग लॉग (यंत्रांच्या नोंदी) मागणारी मेल आली. लॉग १८० दिवसांचे हवेत. आमच्या फायरवॉलमध्ये ९ दिवसांचे निघाले. चूक आमची, कबूल.

पण धागा काढायचं कारण वेगळं. तीनेक आठवड्यांनी अँटिव्हायरस विकणारा आमचा डीलर चहा पिता पिता सहज म्हणाला, "शेजारच्या तालुक्यातल्या पतसंस्थेलाही हेच झालं होतं की. तुमच्या आधी पंधरा-सोळा दिवस. फायलींची शेपटं पण हीच." त्यांची आणि आमची मशीन लांबून दुरुस्त करणारा ठेकेदार एकच. चोर त्याच्या पासवर्डने शिरला होता. ते १५ दिवस आधी कळलं असतं तर मी एक पासवर्ड बदलला असता आणि विषय संपला असता.

हे मला टपरीवर कळलं. ज्यांच्या दारात मी साडेचार तासांत धावत गेलो, त्यांच्यातल्या कुणाकडूनही कळलं नाही. माहिती वर जाते ती वरच राहते का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिरकीटधा | रात्री ९:५८

वाचतोय. बाकी सगळं ठीक, पण लग्न कसं झालं?

कॅश_काउंटर | रात्री १०:०३

@तिरकीटधा, भाचीचं होतं. उत्तम झालं. मी अहेर पाठवला :)

सीमोल्लंघन | रात्री १०:३१

चांगला धागा. सरकारी आयटीच्या वर्तुळात बरीच वर्षं काढली आहेत, आता निवृत्त, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

आधी एक गोष्ट साफ करू. सर्ट-इनला लोक अग्निशमन दल समजतात. बंब घेऊन तुमच्या दारात येणं हे तिचं रोजचं काम नाही, तेवढी माणसंही नाहीत. जानेवारी २००४ पासून ती चालू आहे, आणि २००८ च्या दुरुस्तीने आयटी कायद्यात कलम ७०ब आलं तेव्हा तिला कायद्याचं बळ मिळालं. माहिती गोळा करणं, इशारे काढणं, आणीबाणीत समन्वय करणं, असं तिचं काम लिहिलेलं आहे. तिने हाताळलेल्या घटनांचे सरकारी आकडे पाहा: २०२२ मध्ये १३.९१ लाख, २०२३ मध्ये १५.९२ लाख, २०२४ मध्ये २०.४१ लाख. या ढिगात तुमचा फाईल सर्व्हर कुठे बसतो, बघा.

बाकीचे भाऊबंद असे. वीज, बँकिंग, दूरसंचार, वाहतूक अशा क्षेत्रांतल्या ज्या यंत्रणा कोसळल्या तर देश अडेल, त्यांच्यासाठी कलम ७०अ खाली एनसीआयआयपीसी. ती जानेवारी २०१४ मध्ये अधिसूचित झाली आणि एनटीआरओ या गुप्तवार्ता-तांत्रिक संस्थेच्या छत्राखाली आहे. सर्ट-इन आयटी मंत्रालयाकडे. सायबर गुन्हे गृहखात्याकडे, त्यासाठी आयफोरसी हे केंद्र. दूरसंचार जाळं दूरसंचार विभागाकडे. पंतप्रधान कार्यालयाच्या बाजूला राष्ट्रीय सायबर सुरक्षा समन्वयक. शिवाय रिझर्व्ह बँक, सेबी, वीज मंत्रालय यांचे आपापले नियम.

चार भावांत एक विहीर आणि मोट कुणी कधी लावायची हे ठरलेलं नाही, अशी गत बरीच वर्षं होती. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कामकाज वाटपाचे नियम बदलले आणि सायबर सुरक्षेचा एकूण समन्वय व दिशा राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या सचिवालयाकडे दिली. दूरसंचार, आयटी आणि गृह यांचे वाटेही त्यातच लिहून दिले. बाहेर याची फार चर्चा झाली नाही. पण दिल्लीत ‘हे माझ्या खात्याचं’ म्हणायला कागद लागतो, तो कागद तेव्हा निघाला. धोरण म्हणाल तर अजून २०१३ चंच. नव्या रणनीतीचा मसुदा २०२० पासून येतोय येतोय, आला नाही.

मोरपंखी | रात्री १०:४४

एक बाळबोध प्रश्न. १९३० नंबर आणि हे सर्ट-इन एकच का? सासूबाईंना ‘डिजिटल अरेस्ट’चा फोन आला होता, तेव्हा आम्ही १९३० ला लावला होता.

सीमोल्लंघन | रात्री १०:५२

@मोरपंखी, बाळबोध अजिबात नाही. बँकांचे अधिकारीही यात गोंधळतात. १९३० आयफोरसीचा, पैसे गेले असतील तर तिथेच लावायचा. तुमची तक्रार एका पोर्टलवर जाते, त्यावर पोलीस आणि बँका एकत्र बसलेले असतात, आणि पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतानाच तो गोठवायचा प्रयत्न होतो. म्हणून पहिला तास-दोन तास सोन्यासारखे. सासूबाईंचे पैसे वाचले का?

मोरपंखी | रात्री १०:५५

दिलेच नव्हते. त्यांनी समोरच्या ‘साहेबा’ला तासभर गुडघेदुखी सांगितली, त्यानेच फोन ठेवला.

पुणेरी_पगडीविना | रात्री ११:२०

सहकारी बँकांचा विषय निघालाय तर पुण्याची कॉसमॉस बँक आठवल्याशिवाय राहवत नाही. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. बँकेच्या एटीएम स्विचशेजारी (कार्डाचे व्यवहार मंजूर करणारी यंत्रणा) चोरट्यांनी आपला बनावट स्विच उभा केला. कार्डावर पैसे आहेत का, असा प्रश्न खऱ्या यंत्रणेपर्यंत जाईचना, मधला तोतयाच ‘द्या’ म्हणून सांगत होता. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून ७८ कोटींच्या आसपास रोख निघाली. भारतातही अडीच कोटी, त्यात आपलं कोल्हापूरही होतं. सोमवारी १३ तारखेला स्विफ्टमधून (बँकांचं परदेशी पैसे पाठवायचं जाळं) आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगच्या एका बँकेत. एकूण ९४ कोटी.

शनिवार दुपार निवडली हे लक्षात घ्या. तुमचाही शनिवारच. चोरांना आपलं सुट्ट्यांचं कॅलेंडर पाठ आहे, आणि आपली सहा तासांची मुदत मात्र कार्यालयीन वेळेच्या मानसिकतेची.

एटीएमवर उभे राहून नोटा काढणाऱ्यांपैकी ११ जणांना २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने शिक्षा केली. ते प्यादे. सोंगट्या हलवणारे कुठल्या देशात बसले होते, त्यावर कितीतरी अहवाल निघाले, हात कुणाला लागला नाही. पण हेही सांगायला हवं की त्यानंतर रिझर्व्ह बँक हलली. ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी किमान सायबर नियमावली आली, डिसेंबर २०१९ मध्ये बँकेच्या आवाक्याप्रमाणे चार स्तर केले. म्हणजे आपल्याकडे विहिरीला कठडा बांधायला आधी कुणीतरी आत पडावं लागतं.

आडवाटेचा_प्रवासी | रात्री ११:३३

हे सगळं चीन-पाकिस्तानचं काम. आपण उगाच स्वतःला दोष देतो.

पुणेरी_पगडीविना | रात्री ११:३६

@आडवाटेचा_प्रवासी, फायरवॉलचं घड्याळ चीनने पुढे केलं का?

पारेषणकाका | रविवार, सकाळी ७:१५

रात्री झोपलो होतो, एवढं रामायण झालं होय. मी विजेच्या पारेषणात आयुष्य काढलं. कंपनी सांगत नाही.

चीनचा विषय निघालाच आहे तर १२ ऑक्टोबर २०२० घ्या. सोमवार, सकाळी दहाचा सुमार. मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या, आणि तो कोविडचा काळ, रुग्णालयांत व्हेंटिलेटर. कळवा-पडघा पट्ट्यातल्या वाहिन्यांचं दुखणं होतं आणि मुंबईला उरलेल्या जाळ्यापासून तोडून वाचवायची जी ‘आयलँडिंग’ व्यवस्था आहे, ती त्या दिवशी टिकली नाही. हे आमच्या भाषेतलं.

मग २०२१ च्या मार्चच्या तोंडावर अमेरिकेतल्या रेकॉर्डेड फ्युचर कंपनीचा अहवाल आला. चीनशी संबंध असलेल्या ‘रेडएको’ गटाने आपल्या वीज यंत्रणेत पाय रोवलेत, असं त्यात होतं. लगेच राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख म्हणाले, महाराष्ट्र सायबरच्या प्राथमिक अहवालानुसार घातपाताची शक्यता आहे, १४ ट्रोजन (छुपे घुसखोर प्रोग्राम) सापडले. केंद्राचे ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, मानवी चूक, सायबर हल्ल्याचा पुरावा नाही. झालं. एक घटना, दोन सरकारं, दोन सत्यं. टीव्हीवर आठवडाभर दळण.

या गदारोळात वीज मंत्रालयाच्या निवेदनातल्या दोन तारखांकडे फार कुणी पाहिलं नाही. शॅडोपॅड या घुसखोर प्रोग्रामबद्दल सर्ट-इनची मेल १९ नोव्हेंबर २०२० ला आली होती. रेडएकोबद्दल एनसीआयआयपीसीची मेल १२ फेब्रुवारी २०२१ ला. दोन्ही परदेशी अहवाल छापून यायच्या आधी. त्यावरून संशयित पत्ते बंद केले, मशीन तपासली. म्हणजे कॅश_काउंटर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की माहिती खाली येते. मोठ्या घरात येते. कुडनकुलम अणुवीज प्रकल्पातही तसंच. सर्ट-इनने अणुऊर्जा महामंडळाला सप्टेंबर २०१९ च्या सुरुवातीलाच सांगितलं होतं, कार्यालयीन जाळ्यातलं एक मशीन बाधित आहे म्हणून. आपल्याला कळलं ऑक्टोबरच्या अखेरीस, तेही आदल्या दिवशी ‘असं काही नाही’ असं पत्रक निघाल्यावर दुसऱ्या दिवशी ‘हो, होतं’.

अंधार का झाला याबद्दल माझं मत विचाराल तर मी आमच्या वाहिन्यांकडे बोट दाखवीन. पण ट्रोजन नव्हतेच, असंही मी म्हणणार नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे त्या आठवड्यात कुणी ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हतं.

रक्तगट_ओ | सकाळी ८:०२

पारेषणकाका, +१.

मी एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये आहे (दिल्लीत नाही, आणि आमच्याकडे असं काही झालेलं नाही, लाकडाला हात लावते). पण २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सचं झालं तेव्हा आमच्याकडेही बैठका झाल्या होत्या. संसदेत दिलेलं उत्तर आम्हाला प्रशिक्षणात वाचून दाखवलं: पाच सर्व्हर, सुमारे १.३ टेराबाइट डेटा लॉक, आणि कारण काय, तर नेटवर्कचे कप्पे नीट पाडलेले नव्हते. एका खोलीत लागलेली आग सगळ्या वाड्यात पसरली, कारण मधे दारंच नव्हती.

दिल्ली पोलीस, सर्ट-इन, एनआयए, एनआयसी, सगळे आत होते. तरी जवळजवळ दोन आठवडे केसपेपर हाताने. लॅबवाल्यांना याचा अर्थ सांगते. नमुन्यावर बारकोड नाही, म्हणजे नळीवर पेनाने नाव. एकाच वॉर्डात एकाच नावाचे तिघे. रिपोर्ट घेऊन माणूस जिने चढतो. पोटॅशियमचा धोकादायक आकडा डॉक्टरच्या पडद्यावर मिनिटात दिसतो तो अशा वेळी कागदावर, कुणाच्या तरी खिशात असतो. मोठ्या रुग्णालयात हे दोन आठवडे चालवणं म्हणजे काय, ते चालवणाऱ्यालाच कळेल.

म्हणून माझा मुद्दा: तपासाला चार यंत्रणा असल्या की उत्तमच. पण ‘आज ओपीडी कशी चालवायची’ हे त्या चौघांपैकी कुणाच्याच फाईलला नसतं. ते तुम्हाला आधीच ठरवून ठेवावं लागतं. आमच्याकडे आता दर तीन महिन्यांनी एक दिवस लॅब कागदावर चालवतात. सगळे शिव्या घालतात, मीही घालते.

तिरकीटधा | सकाळी ८:१०

रक्तगटताई, शेवटची कल्पना चोरून आमच्या कचेरीत मांडतोय. श्रेय देणार नाही.

डाइकवरून | सकाळी ११:४७

रॉटरडॅमहून. इथल्या बंदरात काम करतो, म्हणून एक जुनी आठवण. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या व्हायरस आला तेव्हा मर्स्क या जहाज कंपनीचं इथलं टर्मिनल बंद पडलं. संध्याकाळी उरणच्या मित्राचा फोन, त्यांच्याकडे न्हावा-शेवालाही त्याच कंपनीने चालवलेलं टर्मिनल बंद, कंटेनर हाताने नोंदवतायत, ट्रक रस्त्यावर उभे. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरला लागलेली कीड, आणि उरणचा ट्रकवाला त्यापायी रात्रभर केबिनमध्ये. त्या दिवशी आम्ही दोघं फोनवर हसलो होतो, आता हसू येत नाही.

मुद्द्याचं. युरोपच्या नव्या निर्देशात (निस-२) तीन टप्पे आहेत: २४ तासांत पहिली सूचना, ७२ तासांत सविस्तर, महिन्यात अंतिम अहवाल. भारताचे सहा तास त्या मानाने फारच कडक वाटतात. पण धागाकर्त्याच्या प्रश्नाला लागू पडणारं कलम वेगळंच आहे. सूचना मिळाल्यावर, शक्य असेल तर २४ तासांच्या आत, यंत्रणेनेही कळवणाऱ्याला उत्तर द्यायचं, प्राथमिक अभिप्राय द्यायचा, आणि त्याने मागितलं तर काय करावं याचा सल्लाही. म्हणजे मुदत दोन्ही बाजूंना. प्रत्यक्षात किती पाळतात हा वेगळा विषय, कागदावर तरी आहे. इथेही बरेच देश हा निर्देश आपल्या कायद्यात आणायला उशीर करून बसलेत, तेव्हा फार शेफारण्यात अर्थ नाही.

सीमोल्लंघन | दुपारी १२:२०

@डाइकवरून, मुद्दा मान्य. सहा तासांबद्दल एक खुलासा. मे २०२२ मध्ये निघालेल्या प्रश्नोत्तरांत स्पष्ट केलंय की त्या मुदतीत हाताशी असेल तेवढीच माहिती द्यायची, उरलेली नंतर. लोक पूर्ण अहवालाच्या नादात मुदत घालवतात. दोन ओळींची मेलही चालते.

माहितीचा_अर्ज | दुपारी १:०५

सगळे यंत्रणेची बाजू समजून घेतायत, मी जरा वाकडं बोलतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्ट-इनला माहिती अधिकाराच्या कायद्यातून सूट मिळाली, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप सोडून. गुप्तचर संस्थांच्या पंक्तीत तिचं पान मांडलं. म्हणजे आम्ही सहा तासांत कळवायचं, नाहीतर शिक्षा. जनविश्वास कायद्याने दंडाची कमाल मर्यादा १ लाखावरून थेट १ कोटीवर नेलीय. आणि कळवलेल्याचं पुढे काय झालं, हे आम्ही विचारायचं नाही. ज्या खात्याचं कामच लोकांकडून विश्वासाने माहिती घेणं, त्याने दार आतून लावून घ्यावं, हे मला पटत नाही.

सीमोल्लंघन | दुपारी १:३१

उद्या कुणी स्पर्धक बँक अर्ज टाकून विचारेल, ‘अमुक बँकेत काय झालं ते द्या’. मग कळवेल का कुणी?

माहितीचा_अर्ज | दुपारी १:३८

त्याला त्याच कायद्याचं कलम ८ होतंच की, व्यापारी गुपित नाकारता येत होतं. सरसकट कुलूप कशाला? बँकेचं नाव देऊ नका. पण किती जणांनी कळवलं, किती जणांना उत्तर गेलं, सरासरी किती दिवसांत, एवढं सांगायला राष्ट्रीय सुरक्षा कुठे आडवी येते?

सीमोल्लंघन | दुपारी १:५०

एवढं सांगता येईल, खरंय. मी खुर्चीवर असतो तर सांगितलं असतं असं म्हणणार नाही, खुर्चीवर बसल्यावर माणूस वेगळा विचार करतो.

पारेषणकाका | दुपारी २:१४

हे वाक्य फ्रेम करून लावा.

यूपीआय_उधारी | दुपारी ३:४०

समन्वय नीट झालेलं एक उदाहरण कुणी दिलं नाही म्हणून देतो. ३१ जुलै २०२४. सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने लगेच तिची तार तोडली, देशाच्या पेमेंट जाळ्यापासून वेगळं काढलं. सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय, एटीएम अडलं. दुसऱ्या दिवशी तपासणी होऊन पुन्हा जोडलं. पिकाला लागण झाली की ती सरी आधी उपटायची, मग औषध कुठलं ते ठरवायचं, तसं.

याच्यात मेख अशी की एनपीसीआयच्या हातात खटका होता. तो खाली ओढला की झालं, कुणाला विचारायला नको. तुमच्या त्या ठेकेदाराचा खटका कुणाच्या हातात आहे? तालुक्या-तालुक्यातल्या दहा-बारा संस्था एकाच माणसाच्या एकाच पासवर्डवर चालतात, त्याची नोंद कुठल्या सरकारी वहीत आहे?

कॅश_काउंटर | संध्याकाळी ६:२५

सगळ्यांचे आभार. यूपीआय_उधारी, नेमकं दुखणं दाबलंत.

आज सकाळी पारेषणकाकांची पोस्ट वाचल्यावर वाटलं, आपण लहान म्हणून आपल्याला कळवत नाहीत. म्हणून आज दुपारी मुद्दाम गाडी काढून त्या शेजारच्या पतसंस्थेच्या मॅनेजरला भेटून आलो. जुनी ओळख आहे. विचारलं, तेव्हा तुम्ही कुणाकुणाला कळवलं होतं?

कुणालाच नाही.

पोलिसांना नाही, सर्ट-इनला नाही. त्यांना सर्ट-इन हे नावच माहीत नव्हतं. पतसंस्थांवर रिझर्व्ह बँक नाही, सहकार खातं आहे, आणि सहकार खात्याचा माणूस येतो तो थकबाकी आणि लेखापरीक्षण बघायला. त्यांनी ठेकेदारालाच बोलावलं, मशीन फॉरमॅट केली, महिन्यापूर्वीच्या बॅकअपवरून उभी केली, मधल्या नोंदी पावत्यांवरून रात्री बसून भरल्या. म्हणाले, "अहो, बोभाटा झाला असता तर सकाळी ठेवीदारांची रांग लागली असती. शेजारच्या गावात एक संस्था बुडाली तेव्हा आमच्याकडून दोन दिवसांत किती गेले ते मी बघितलंय." यावर मी काय बोलणार? आमच्या चेअरमनसाहेबांनीही त्या सकाळी लग्नातून हेच विचारलं होतं, "कळवलंच पाहिजे का?" रिझर्व्ह बँकेचा धाक नसता तर मीही कळवलं असतं का, छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

तेव्हा माझा पहिला प्रश्न अर्धा मागे घेतो. जे वर गेलंच नाही ते खाली कुठून येणार. उरलेला अर्धा तसाच आहे: आमचं तर वर गेलं होतं. आमच्यानंतर त्या ठेकेदाराच्या बाकीच्या गिऱ्हाइकांना कुणी सावध केलं का? मी मॅनेजरना विचारलं, तुम्हाला काही पत्र, फोन? नाही. शेवटी मीच त्या ठेकेदाराकडून यादी काढून घेतली. नऊ संस्था होत्या, मी आणि पोराने मिळून नऊ फोन केले. दोघांनी आम्हाला फसवणूक करणारे समजून फोन ठेवला.

सीमोल्लंघन | संध्याकाळी ६:५०

हे काम खरं तर वित्तीय क्षेत्रासाठी सर्ट-इनच्या खाली असलेल्या सीसर्ट-फिनचं. धोक्याच्या खुणा आपोआप वाटणारं व्यासपीठही सर्ट-इनकडे आहे. पण ते यंत्राकडून यंत्राकडे बोलतं. तुमच्याकडे ऐकणारं यंत्र नाही, आणि पतसंस्थेकडे तर ऐकणारा माणूसही नाही. जिल्ह्याच्या पातळीवर नाव न घेता चार ओळींचा इशारा, मराठीत, व्हॉट्सॲपवर, सहायक निबंधकांच्या कार्यालयातून निघाला तरी पुरे. त्याला कायदा लागत नाही.

डाइकवरून | संध्याकाळी ७:०५

नऊ फोन केलेत ते भारी काम. त्या दोघांना आता पत्र टाका, लेटरहेडवर.

रक्तगट_ओ | संध्याकाळी ७:१२

आणि लॉगचं काय केलंत? १८० दिवसांचं?

कॅश_काउंटर | संध्याकाळी ७:२०

@रक्तगट_ओ, जुन्या एका मशीनमध्ये चार टेराबाइटची डिस्क टाकली, फायरवॉल आणि सर्व्हरच्या नोंदी रोज तिकडे जातात. संचालक मंडळाने खर्च मंजूर करायला दोन सभा घेतल्या. घड्याळं जुळवायला मात्र पाच मिनिटं लागली, फुकट. मंडळी, एक विनंती, उद्या कचेरीत गेल्यावर आपापल्या मशीनची वेळ मोबाईलशी ताडून बघा आणि इथे लिहा. नुसती उत्सुकता.

पुणेरी_पगडीविना | सोमवार, सकाळी १०:४०

सर्व्हर बरोबर. हजेरीचं बोटाचं मशीन ४ मिनिटं मागे. याबद्दल मी कचेरीत काही बोलणार नाही.

यूपीआय_उधारी | सकाळी ११:०२

बिलिंगचं मशीन ७ मिनिटं पुढे.

तिरकीटधा | सकाळी ११:१५

आत्ता बघितलं. आमच्या गोदामाच्या कॅमेऱ्याच्या डीव्हीआरवर १ जानेवारी २००० चालू आहे, पहाटेचे साडेचार. मागच्या महिन्यात चोरी झाली तेव्हा याचंच फुटेज पोलिसांना दिलं होतं.